जखम भरणाऱ्या पेशी कुणाचं ऐकतात?

प्रश्न : नातवाच्या कोपरावर गरम पाणी सांडलं होतं. जखम भरली, पण आता हात पूर्ण सरळ होत नाही. भरलेली जखम नंतर आकसते का? (एक आजी, सातारा)

हो, आकसते. मुळात आकसणं हा जखम भरण्याचाच भाग आहे. जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्समधून दोन निरोप्या प्रथिनं बाहेर पडतात : पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा. पहिलं आजूबाजूच्या फायब्रोब्लास्ट पेशींना, म्हणजे कोलॅजनचे धागे तयार करणाऱ्या पेशींना, जखमेकडे बोलावून आणतं. दुसरं त्यांचं रूपच पालटतं. त्यांच्यात स्नायूंसारखे आकुंचन पावणारे तंतू तयार होतात आणि त्या जखमेच्या कडा आत ओढू लागतात. अशा पेशींचं वर्णन गॅबियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये केलं. त्यांना मायोफायब्रोब्लास्ट म्हणतात.

एरवी जखम मिटली की यातल्या बहुतेक पेशी आपोआप मरतात. खोल भाजल्यावर मात्र त्या बरेच महिने तग धरतात. प्रत्येक ओढीमागे नवं कोलॅजन बसत जातं, त्यामुळे पेशीने पकड सोडली तरी कातडी सैल पडत नाही. सांध्यावरच्या व्रणाला स्प्लिंट, प्रेशर गारमेंट (व्रणावर दाब देणारा घट्ट कपडा) आणि व्यायाम सांगतात ते यासाठी. तुम्ही वाट बघत बसू नका, प्लास्टिक सर्जनला लवकर दाखवा. कोपर फारच आखडलं असेल तर शस्त्रक्रियेने व्रण सैल करता येतो.

प्रश्न : ऱ्हो, रॅक आणि सीडीसी-४२ या पेशीतल्या चालू-बंद होणाऱ्या प्रथिनांचा कायम गोंधळ होतो. पेशी पुढे सरकते ती नेमकी कुणामुळे? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

व्याख्या बाजूला ठेव, आधी प्रयोग डोळ्यांपुढे आण. लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी १९९२ मध्ये उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी सीरमविना (रक्तातल्या पेशी आणि गुठळी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाविना) ठेवल्या. अशा पेशींमधले ॲक्टिन या प्रथिनाचे जाड तंतू जवळजवळ नाहीसे होतात. मग त्यांनी बारीक सुईने पेशीत ऱ्हो प्रथिन टोचलं, आणि थोड्याच वेळात पेशीच्या आरपार ताणलेले तंतू दिसू लागले. रॅक टोचलं तेव्हा पेशीच्या कडेला झालरीसारख्या चुण्या उठल्या. सीडीसी-४२ मुळे बोटांसारखे बारीक फाटे फुटतात, हे १९९५ मध्ये दिसलं. बाहेरून येणारा निरोपही वेगवेगळा असतो : सीरममधला एलपीए हा मेदरेणू ऱ्होला जागं करतो, पीडीजीएफ रॅकला.

आता तुझा प्रश्न. एकट्या कुणामुळेच नाही. पुढच्या बाजूला रॅक ॲक्टिनची कड पुढे ढकलतं, ती कड इंटेग्रिन या पकड घेणाऱ्या प्रथिनांच्या मदतीने खालच्या पृष्ठभागाला पकडते, आणि ऱ्हो मायोसिन या ओढ लावणाऱ्या प्रथिनाला कामाला लावून मागची बाजू ओढून घेतं. सगळीकडेच ऱ्हो चढलं तर पेशी जागच्या जागी घट्ट बसते आणि नुसती ताण देत राहते. परीक्षेत ‘कुठे’ आणि ‘केव्हा’ हे लिहायला विसरू नकोस, गुण तिथेच जातात.

याच संदर्भातला माझा सर्वांत आवडता प्रयोग मात्र याआधीचा, १९८० चा. अल्बर्ट हॅरिस यांनी सिलिकॉनच्या द्रवावरून क्षणभर ज्योत फिरवली. त्याने वर रबराची अतिशय पातळ साय धरली, आणि त्या सायीवर पेशी सोडल्या. फायब्रोब्लास्ट जिथे जिथे पकड घेई, तिथे रबराला सुरकुत्या पडत. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीची ताकद अशी सरळ डोळ्यांना दिसली. गंमत म्हणजे नुसतं सरकायला लागते त्यापेक्षा ही ओढ कितीतरी जास्त निघाली. मग ती कशासाठी? हॅरिस यांचं उत्तर असं, की आजूबाजूचं कोलॅजन ओढून रचण्यासाठी. मला ते पटतं.

प्रश्न : छातीवरच्या छोट्या पुळीचा केलॉइड (मूळ जखमेबाहेर वाढत जाणारा जाड व्रण) झाला. बहिणीला कान टोचल्यावर झाला. काढून टाकावा का? (एक वाचक, पनवेल)

छातीवर आणि खांद्यावर कातडी सतत ताणली जाते. टीजीएफ-बीटा पेशींभोवतीच्या जाळ्यात बंद वेष्टणात साठवलेलं असतं, आणि पेशीने जोरात ओढलं की ते वेष्टण सुटतं, हे बोरिस हिंझ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं. जाळं जितकं कडक, तितकं ते सहज सुटतं. म्हणजे ओढीमुळे निरोप वाढतो, आणि निरोपामुळे ओढ. कानाच्या पाळीला मात्र हे लागू पडत नाही, तिथे ताण फारसा नसतोच. तिथे घराण्यातला कल आणि रेंगाळलेला दाह यांच्याकडे बोट दाखवावं लागतं.

नुसता कापून काढला तर केलॉइड बहुतेकदा परत येतो, कारण कापणं ही पुन्हा जखमच. त्वचारोगतज्ज्ञ आधी ट्रायॲम्सिनोलोन या स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, सिलिकॉनची पट्टी लावतात. कापायचंच ठरलं तर सोबत आणखी काही उपचार जोडतात. बहिणीने दुसरं भोक पाडू नये.

प्रश्न : ‘ग्रोथ फॅक्टर’ असलेलं महागडं क्रीम चेहऱ्यावर लावावं का?

पैसे वाचवा. ग्रोथ फॅक्टर म्हणजे पीडीजीएफसारखी निरोप्या प्रथिनं, आणि ही प्रथिनं आकाराने मोठी असतात, धडधाकट कातडीतून सहजी आत जात नाहीत. मधुमेहींच्या पायाच्या उघड्या जखमेची गोष्ट वेगळी : तिथे पीडीजीएफच्या जेलला अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली.

प्रश्न : वडिलांना फुप्फुसाचा फायब्रोसिस (व्रणासारख्या धाग्यांनी फुप्फुस कडक होणं) आहे. सगळं टीजीएफ-बीटामुळे होतं, मग तेच बंद का करत नाहीत? (एक मुलगा, ठाणे)

कारण ते प्रथिन प्रतिकारशक्तीला लगामही घालतं. ज्या उंदरांत टीजीएफ-बीटा-१ चं जनुकच नव्हतं, ते जन्मानंतर काही आठवड्यांत अनेक अवयवांच्या दाहाने मेले. म्हणून सध्याची औषधं आडवाटेने जातात. निंटेडॅनिब हे पीडीजीएफसह काही निरोप पेशीच्या दारातच अडवतं, पिरफेनिडोन फायब्रोब्लास्टची धावपळ कमी करतं. अमेरिकेत दोन्हींना २०१४ मध्ये मान्यता मिळाली. दोन्ही आजाराचा वेग कमी करतात, कडक झालेलं फुप्फुस मऊ करत नाहीत. ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून वडील ते मध्येच सोडणार नाहीत, एवढं बघा. निंटेडॅनिबने जुलाब होऊ शकतात आणि यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात. पिरफेनिडोन चालू असेल तर दुपारचं ऊन टाळायला आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा.