कोणत्या आठवड्यात काय घडतं?

प्रश्न : सुनेला तिसरा महिना लागलाय. आमच्या घरात मधुमेह आहे. जन्मतः लहान असलेल्या बाळांना पुढे साखरेचा त्रास होतो, असं ऐकलं. तिला आतापासून दोघांचं जेवण द्यावं का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : ऐकलंत ते खरं, उपाय मात्र चुकीचा. पोषण अपुरं पडलं की गर्भ आधी मेंदूची सोय लावतो. काटकसर होते ती स्नायू, स्वादुपिंड आणि मूत्रपिंडात. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर एकही नवी नाही. त्या कमी असल्या की पुढे रक्तदाबाचा धोका वाढतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने जवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांहून बरंच कमी; पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. कमतरता स्नायूंची होती. म्हणून बाळ नुसतं गुटगुटीत व्हावं हा हट्टच चुकीचा. आईची साखर वाढली तर ती वारेतून बाळाकडे जाते, त्याचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन करतं आणि चरबी चढते. त्या मुलालाही पुढे मधुमेहाचा धोका असतो.

चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त पुरतात : नाचणीची एक भाकरी, वाटीभर उसळ, पेलाभर दूध. बस्स. साखरेची तपासणी आत्ताच करा : ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, दोन तासांनी रक्त. १४० (मिग्रॅ/डेसिलिटर) किंवा जास्त आलं तर उपचार लागतात. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. आकडा ठीक आला तरी २४ ते २८व्या आठवड्यात परत तपासायचं.

घर शिवराक (शाकाहारी) असेल तर बी-१२ जरूर तपासा. पुण्याच्याच अभ्यासात आईत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध (म्हणजे इन्सुलिन असूनही त्याचा नीट परिणाम न होणं) सर्वांत जास्त दिसला. मासळी चालत असेल तर तारले, बांगडे उत्तम. मोरी (शार्क) नको, तिच्यात पारा साठतो. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर किंवा चहासोबत घेतली तर अंगी नीट लागत नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

घरात धाकटी सून असेल आणि तिचा बाळाचा विचार असेल तर फोलिक आम्लाची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याआधी महिनाभर सुरू व्हायला हवी. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८व्या दिवसाच्या आसपास मिटते, तेव्हा पाळी चुकलेली जेमतेम कळते.

प्रश्न : सातव्या महिन्यात ग्रहणाच्या वेळी मुलीने आदोळीवर (विळीवर) मासळी कापली. बाळाचा ओठ फाटेल का? (एक आई, डिचोली)

उत्तर : नाही. वरचा ओठ गर्भधारणेनंतर सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. सातव्या महिन्यात जुळलेला ओठ फाटत नाही. खरी कारणं आनुवंशिकता, तंबाखू आणि फिटांवरची काही औषधं, विशेषतः व्हॅल्प्रोएट. पण ते स्वतःहून बंद करू नका. फिट आईलाही, बाळालाही घातक. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीचा अहवाल काढून पाहा, त्यात ओठांची नोंद बहुधा असते.

प्रश्न : जुळ्या नाती हुबेहूब सारख्या, मग बोटांचे ठसे वेगळे कसे? (एक आजोबा, पेडणे)

उत्तर : जनुकं एक, पण पोटातली जागा एक नाही. बोटांवरच्या रेषा दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. त्या काळात बोटाच्या गादीचा आकार, कातडीच्या वाढीचा वेग आणि तिच्यावरचा ताण जुळ्यांतही थोडा वेगळा असतो. एकाच नातीच्या दोन अंगठ्यांचे ठसे ताडून पाहा, तेही वेगळेच निघतील.