चार वर्षांच्या मुलीला सोबत घेऊन घरी कोंबड्या पाळता येतील का?

घरामागे थोडी जागा आहे, मुलगी चार वर्षांची आहे, पाच-सहा कोंबड्या पाळल्या तर तिला काही त्रास होईल का, असं तुम्ही विचारलंय. पाळा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घराच्या परसात आम्ही सुरुवात केली तेव्हा माझा मुलगा साडेतीन वर्षांचा होता, आता सातचा आहे.

फक्त बाजारातून पेटीभर पिल्लं आणू नका. एक दिवसाच्या पिल्लाला पहिला आठवडाभर ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. म्हणजे दिवसरात्र बल्ब, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय मुलांचा हात सारखा त्या पेटीत. एवढ्याशा मुठीत किती जोर आहे हे त्यांना कळत नाही, आणि पिल्लू दाबलं गेलं तर मूलही हादरतं. त्यापेक्षा ओळखीत कुणाची गावठी कोंबडी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसली असेल तर ती विकत घ्या आणि तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा. अंडी अशा घरून आणा जिथे कोंबडा आहे, नाहीतर पिल्लं निघायची नाहीत. आमच्याकडे याला रवणीला बसवणं म्हणतात. कोंबडी आणायची ती रात्री, अंधारात. दिवसा हलवली तर ती पुन्हा बसेलच असं नाही. नंतर पिल्लांना ऊब देणं, दाणा टिपायला शिकवणं, घार दिसली की पंखाखाली घेणं, सगळं तीच करते.

ते २१ दिवस माझ्या मुलाने भिंतीवरच्या कालनिर्णयावर रोज एक फुली मारून मोजले. सातव्या रात्री आम्ही एकेक अंडं मोबाइलच्या टॉर्चवर धरून पाहिलं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तेव्हा तो श्वास रोखून बघत राहिला. दोन अंडी कोरी निघाली, ती काढून टाकली. एकविसाव्या दिवशी कवचाला पहिला टोचा पडला आणि त्याला ते सोलून पिल्लाला मदत करायची होती. तेवढं करू देऊ नका. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त असतं, घाईने सोललं तर पिल्लू दगावतं.

आता तुमची खरी काळजी. धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, आणि त्यांचा त्रास पाच वर्षांखालच्या मुलांना जास्त होतो. म्हणून आमच्या घरात एक नियम कधीच मोडत नाही: खुराड्याकडून आलं की आधी साबणाने हात, मग बाकी सगळं. पिल्लाचा मुका घ्यायचा नाही, तिथे बसून काही खायचं नाही, खुराड्याच्या चपला घरात आणायच्या नाहीत. विष्ठा आणि तूस काढायचं काम मोठ्यांचंच. मुलाकडे पाणी भरणं, कणी टाकणं आणि अंडी गोळा करणं. ही कामं मात्र खरोखर त्याचीच असू द्या, तो विसरला तर आठवण करा, पण गुपचूप स्वतः करून टाकू नका.

मोठा कोंबडा लहान मुलाजवळ मोकळा सोडू नका. तो अंगावर उडतो तेव्हा त्याच्या पायाची नखी थेट मुलाच्या तोंडाशी येते. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतही नाही.

लस चुकवू नका. मानमोडी (राणीखेत रोग) आली की वाडीतली खुराडी रिकामी होतात. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की त्यावरच्या लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे ते सहा ते आठ आठवड्यांचं झालं की त्याच रोगावरच्या आर टू बी लशीचं इंजेक्शन. लासोटाची कुपी बहुधा शंभर पिल्लांची मिळते, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की लगेच वापरावी लागते. आम्ही चार घरं मिळून एकाच दिवशी देतो.

खुराड्याला मी आधी षटकोनी भोकांची स्वस्त जाळी मारली होती. तिने कोंबड्या आत राहतात, पण मुंगूस बाहेर राहत नाही. एका पहाटे तीन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) गेल्या. त्यानंतर अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी लावली आणि दाराखाली चिरे पुरले.

एक गोष्ट मात्र आधीच घरात बोलून ठेवा. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे असतात, आणि सगळे ठेवता येत नाहीत. आमच्या नऊंपैकी पाच कोंबडे होते. पहिला कापला तेव्हा आम्ही मुलाला सांगितलं की तो मामाकडे गेला. मे महिन्यात माझा भाऊ आला आणि मुलाने दारातच विचारलं, "मामा, माझा तांबडा कोंबडा कसा आहे?" भावाला काही सुचेना. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. कोंबडा कापल्याचं नाही, खोटं बोलल्याचं. त्या रात्री त्याला खरं सांगितलं. तो रडला, मग विचारलं की कोंबड्यापण कापणार का. अंडी देणाऱ्या नाही, असं मी म्हटलं आणि ते पाळलंय. पुढच्या वेळी आदल्या दिवशीच सांगितलं. त्याने त्या कोंबड्याला मूठभर तांदूळ घातले, दुसऱ्या दिवशी दुपारी तो वरणभातच जेवला, आणि आम्हीही त्याला आग्रह केला नाही.