कॉलनीतील इतर बंगल्यांपेक्षा आपले नवे घर उठून दिसावे यासाठी बांधकामात कोणते बारकावे सांभाळावेत?

आपण लिहिले आहे की साताऱ्याजवळ दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर बंगल्याचे काम सुरू होत आहे, नकाशा मंजूर झाला आहे आणि घर वेगळे दिसावे म्हणून एलिव्हेशनमध्ये, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूत, काय करावे, हे आपल्याला ठरवायचे आहे. मी वास्तुविशारद म्हणून याच भागात स्वतंत्र घरांची कामे करतो, म्हणून थोडे सविस्तर आणि थोडे रोखठोक लिहितो. एलिव्हेशनचा विचार सर्वांत शेवटी करावा. घर बांधून झाल्यावर समोरच्या भिंतीवर टाइल, पत्र्याचे पॅनेल आणि दिव्यांच्या पट्ट्या चिकटवायच्या, ही रीत सगळीकडे तीच असल्यामुळे कॉलनीतले बंगले एकमेकांसारखे दिसतात. ज्या घरासमोर जाणारा-येणारा थबकतो, तिथे भिंत आणि खिडकी, दगड आणि गिलावा, जिना आणि फरशी एकमेकांना कुठे व कशी भिडणार, हे बहुधा काँक्रीट ओतण्यापूर्वीच ठरलेले असते.

पहिला विचार पाण्याचा. नव्या घराची रया जाते ती ठरावीक जागांवरून: खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून आणि गच्चीच्या कठड्यावरून पहिल्याच पावसाळ्यात काळे ओघळ उतरू लागतात. कठड्याच्या माथ्यावर वर्षभर धूळ साचते आणि तो माथा सपाट किंवा बाहेरच्या बाजूला उतरता असला, तर ती सगळी धूळ धुऊन दर्शनी भिंतीवर येते. माथ्याला आत, म्हणजे गच्चीकडे, उतार दिला की तेच पाणी गच्चीच्या पाइपातून निघून जाते आणि त्यासाठी जवळजवळ काहीच जादा खर्च येत नाही. खिडकीखालची कडप्प्याची किंवा ग्रॅनाइटची पट्टी बाहेर उतरती बसवावी, ती तयार गिलाव्याच्या पुढे किमान दीड इंच यावी, दोन्ही बाजूंना खिडकीच्या पलीकडे थोडी जावी आणि तिच्या तळाला, कडेपासून जरा आत, सुमारे अर्ध्या इंचाची खाच मारलेली असावी. खाच नसली तर पाणी पट्टीच्या तळाला धरून मागे सरकते आणि भिंतीवर उतरते. खाच असली की तिथे त्याचा थेंब होतो आणि तो खाली गळून पडतो. छज्ज्याच्या तळालाही अशीच खाच हवी. रंग कितीही महाग लावला, तरी ओघळांपुढे त्याचे काही चालत नाही.

छज्जा भिंतीपुढे किती यावा, हे बहुतेक ठिकाणी सवयीने ठरते आणि ते माप चारही बाजूंना सारखे ठेवले जाते, हे मला अजिबात पटत नाही. दक्षिणेच्या खिडकीच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा असेल, तर मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी भर मध्यान्ही त्याची सावली सहा फुटांहून खाली येते, म्हणजे चार फुटांची खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्य सुमारे ४९ अंशांवरच असतो, तेव्हा तीच सावली साधारण सव्वादोन फुटांवर थांबते आणि खालच्या भागातून थंडीतले हवेसे ऊन घरात येते. पश्चिमेला हे गणित लागू पडत नाही, कारण तिथले ऊन तिरपे आणि खालून येते. तिथे छज्जा वाढवण्यापेक्षा लाकडी झडपा, विटांची जाळी किंवा खोल पडवी द्यावी, अथवा जिना आणि न्हाणीघरच त्या बाजूला घ्यावे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांनाही लहानसा छज्जा लागतो, शिवाय पावसासाठी तो हवाच. दिशेप्रमाणे प्रत्येक भिंत वेगळी झाली की घराला आपसूक स्वतःचा चेहरा येतो.

जिन्याबाबत एकच गोष्ट सांगतो, पण ती हमखास चुकते. काँक्रीटच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या ओतल्या जातात, नंतर हॉलमध्ये सिमेंटचा माल आणि फरशी मिळून तीन इंच चढतात, पायरीवर मात्र दीडच इंच चढतो. त्यामुळे पहिली पायरी बुटकी आणि शेवटची उंच होते आणि पाय अडखळतो. राष्ट्रीय इमारत संहिता घरगुती जिन्यासाठी १९० मिलिमीटरपर्यंत उंची आणि किमान २५० मिलिमीटर रुंद पायरी मान्य करते. मी साडेसहा इंच उंची आणि अकरा इंच रुंदी सुचवीन, परंतु या मापांपेक्षाही फरशी बसल्यानंतरची सर्व पायऱ्यांची उंची समान येणे महत्त्वाचे आहे.

दगड वापरायचा असेल तर साताऱ्यात काळा बेसॉल्टच शोभतो आणि तो मिळतोही. तो भिंतीवर मध्येच चौकोनी ठिगळासारखा लावू नये. जोत्यापर्यंत, किंवा एखादी भिंत जमिनीपासून माथ्यापर्यंत, असा वापर केला तर तो भार पेलणारा वाटतो. शनिवारवाड्याच्या तटाचे खालचे बांधकाम दगडी आणि वरचे विटांचे आहे, आणि तो बदल जिथे होतो ती रेषा आजही स्पष्ट दिसते. पातळ दगडाचे आवरण असेल, तर कोपऱ्यावर दगडाची इंचभर जाडी उघडी पडून सगळे पितळ उघडे पडते, म्हणून कोपऱ्यासाठी वळणारे जाड दगड वेगळे घडवून घ्यावेत. दगड आणि गिलावा मिळतात तिथे अर्ध्या इंचाची सरळ खाच सोडली की दोन्हींच्या कडा स्वच्छ राहतात.

बाकीच्या गोष्टी झटपट सांगता येतील. एसीचे बाहेरचे युनिट, त्याच्या पाण्याची नळी, सांडपाण्याचे पाइप आणि गच्चीवरची काळी टाकी यांच्या जागा आताच नकाशावर दाखवून घ्याव्यात, कारण पुढे त्या दर्शनी भागावरच येऊन बसतात. दारे आणि खिडक्या यांचे माथे एकाच पातळीवर, साधारण सात फुटांवर, ठेवावेत. प्रवेशापाशी दोन माणसे टेकतील असा दीड फूट उंचीचा, डोक्यावर सावली असलेला ओटा अवश्य द्यावा. गोव्यातील जुन्या घरांच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, अशीच बांधीव बैठक असते आणि घराचे स्वागतशील रूप बरेचसे तिच्यामुळे येते.

स्लॅब पडण्यापूर्वी आपल्या वास्तुविशारदाकडून खिडकी, छज्जा, कठडा, जिना आणि जोते यांचे उभे छेद, म्हणजे ते भाग उभे कापल्यासारखे दाखवणारी रेखाचित्रे, किमान १:१० प्रमाणात मागून घ्या. मंजुरीच्या नकाशात ते नसतात आणि अनेकदा त्यांचे वेगळे शुल्क असते, ते द्यावे. त्यानंतर गवंड्याकडून एकच खिडकी पट्टी, खाच आणि गिलाव्यासह पूर्ण करून घ्या, तिच्यावर नळीने पाणी सोडून भिंत कोरडी राहते का ते पाहा, आणि मगच उरलेल्या खिडक्या हाती घ्यायला सांगा.