ट्रेलर घेण्याआधी पेलोड बघा
जाहिरातीतला ओढण्याच्या क्षमतेचा आकडा तूर्त बाजूला ठेवा. बरेच ट्रक त्याआधी पेलोडलाच, म्हणजे ट्रक स्वतःवर जितकं वजन वाहू शकतो त्या मर्यादेलाच, अडतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते दिलेलं असतं. ते धरा. ट्रेलरचं मात्र रिकामं वजन नको, भरल्यावरचं कमाल वजन घ्या.

समजा ते ३००० किलो. त्याच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकच्या मागे ट्रेलर जोडायच्या जोडावर, येतो आणि तो पेलोडमध्येच मोजला जातो. १३ टक्के धरले तर ३९० किलो, माणसं २८०, हिच ४०: झाले ७१०. स्टिकरवर ६५० असेल, तर ओढण्याची क्षमता ४००० असली तरी हा ट्रेलर तुमच्यासाठी नाही. हिचवरचा भार घटवायला सामान मागे सरकवू नका, वेगात ट्रेलर डोलायला लागतो. पाण्याची टाकीही मोजा, लिटरमागे एक किलो. (हे विक्रेते क्वचितच सांगतात.)