साखर लिहू नका म्हणणारा एजंट

प्रश्न थोडक्यात असा. चिंचवडच्या एका वाचकांचं वय ६७, पत्नी ६३. भोसरीतल्या कारखान्यातून २०१७ च्या मे महिन्यात निवृत्त. २०१६ पासून दोघांची मिळून ३ लाखांची पॉलिसी अखंड चालू आहे. गेल्या वर्षी ३३,०४० रुपये भरले, यंदा ३६,१०० मागताहेत. ओळखीचा एजंट म्हणतो, "ही सोडा, दुसऱ्या कंपनीची ५ लाखांची स्वस्तात देतो. फॉर्मवर साखर लिहू नका, पाच वर्षं गेली की कुणी विचारत नाही." साखर १२ वर्षांपासून आहे. जुन्या फॉर्मवर काय लिहिलं होतं ते आठवत नाही, तो एजंटनेच भरला होता.

एजंट अर्धं खरं बोलतोय, आणि पंचाईत तीच आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे पॉलिसी सलग ६० महिने चालली, की माहिती दडवली म्हणून दावा नाकारता येत नाही. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. पण त्याच वाक्याला "फसवणूक सिद्ध झाल्यास वगळून" अशी शेपटी आहे, ती एजंट सांगत नाहीत. आणि पहिली पाच वर्षं? ती तुमची ६७ ते ७२ ची आहेत. दवाखान्यात दाखल होताना डॉक्टर विचारतात, तुम्ही खरं सांगता, आणि केसपेपरवर "डीएम, १२ वर्षे", म्हणजे मधुमेह १२ वर्षं, अशी ओळ पडते. कंपनी तेवढा एक कागद मागवते. पुढे काय होतं ते मी अनेक घरांत पाहिलंय. त्या वेळी एजंट फोन उचलत नाही.

आता जुन्या पॉलिसीकडे बघा. तिचे ६० महिने कधीच उलटून गेलेत. फॉर्मवर साखरेचा रकाना कोरा असला, तरी त्या कारणावरून दावा उडवायचा तर तुमची लबाडी कंपनीला सिद्ध करावी लागेल, आणि एजंटने भरलेल्या फॉर्मवरून ते सोपं नाही. आधीपासूनच्या आजारांचा खर्च कंपनी सुरुवातीची काही वर्षं देत नाही, ती प्रतीक्षाही संपली आहे. नव्या पॉलिसीत ती तीन वर्षांपर्यंत असू शकते. म्हणजे तुम्ही जे फेकून द्यायला निघालात, ते आज कुणी तुम्हाला पैसे घेऊनही देणार नाही. दावे जास्त झाले म्हणून कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही, हेही लक्षात असू द्या.

हप्त्याचा हिशेब मात्र मी नीट केला, तुम्हीही करा. ३३,०४० मध्ये १८ टक्के जीएसटी होता. मूळ हप्ता २८,०००. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. म्हणजे यंदाचे ३६,१०० निव्वळ हप्त्याचे. दिसायला वाढ नऊ टक्क्यांची, प्रत्यक्षात जवळपास २९. करसवलत तुमच्यासाठी होती, ती वाढीत विरघळली. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीने आधी नियामकाशी सल्लामसलत करावी, असं ३० जानेवारी २०२५ चं परिपत्रक आहे. कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी विचारा: ही वाढ कशाच्या आधारे? "वयाचा टप्पा बदलला" असं उत्तर येईल. तेही लेखी द्या म्हणा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, आणि तिथे वकील चालत नाही, तेव्हा माझ्याकडे येऊ नका.

हप्ता खरंच झेपत नसेल, तर पॉलिसी सोडू नका, बदला. त्याच कंपनीत "आरोग्य संजीवनी" मागा. सगळ्या कंपन्यांकडे ती सारख्याच अटींवर मिळते, आणि असं स्थलांतर केलं तर जुन्या पॉलिसीत भरलेली वर्षं ३ लाखांपर्यंत सोबत येतात. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करतानाही येतात, पण ती कंपनी नाही म्हणू शकते. संजीवनी स्वस्त आहे त्याची कारणं आहेत: प्रत्येक दाव्यात ५ टक्के तुमचे, आणि खोलीभाडं विमा रकमेच्या २ टक्के, पण दिवसाला कमाल ५,००० रुपये. ८,००० ची खोली घेतलीत तर फक्त वरचे ३,००० जात नाहीत, डॉक्टरांची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापली जाते. डिस्चार्जच्या दिवशी भांडणं होतात ती याच्यावरून.

जादा रक्कम हवी असेल तर ३ लाखांच्या वरची सुपर टॉप-अप बघा, म्हणजे वर्षाचा खर्च ३ लाखांपुढे गेला की वरचा भाग देणारी पॉलिसी, आणि तिच्या फॉर्मवर साखर ठळक लिहा. आजार सांगितलेला असताना, तपासून पॉलिसी दिली असेल, तर नंतर त्याच आजाराचं कारण काढून दावा नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने मनमोहन नंदा प्रकरणात ६ डिसेंबर २०२१ रोजी सांगितलं. लिहिलेली साखर तुमच्या बाजूचा पुरावा असते.

तुमच्या पत्रात एक वाक्य जाता जाता आलंय: "२०१४ पर्यंत पगारातून ई.एस.आय. कापत, मग पगार मर्यादेबाहेर गेला." ई.एस.आय. म्हणजे कामगार राज्य विमा. मी तिथेच थांबले. किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्याला आणि त्याच्या जोडीदाराला वर्षाला १२० रुपये भरून ई.एस.आय.ची वैद्यकीय सेवा मिळते. हो, एकशेवीस. मर्यादेबाहेर गेलेल्यांची अडचण होती, पण १ एप्रिल २०१२ नंतर विमाधारक असलेले, १ एप्रिल २०१७ नंतर निवृत्त झालेले आणि शेवटचा पगार ३०,००० पर्यंत असलेले यांना घ्यायचं, असा निर्णय महामंडळाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. जुना विमा क्रमांक आणि शेवटची पगारपत्रकं शोधा, आणि ई.एस.आय.च्या कार्यालयात अर्ज द्या. मोहननगरचं रुग्णालय तुम्हाला दूर नाही. दर महिन्याची साखरेची औषधं नेहमीच्या विम्यात बसत नाहीत, इथे बसतात.

सरकारी योजनांबद्दल थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या शिधापत्रिकेलाही आहे, कुटुंबाला ५ लाख. पण उपचार यादीतला आणि रुग्णालय योजनेतलं हवं; आधी पैसे भरून मग परत मागता येत नाहीत. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. सत्तरी झाली की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वय आधारवरचं धरतात, म्हणून तिथली जन्मतारीख आजच तपासा. वहिनींना मात्र अजून सात वर्षं थांबावं लागेल, आणि तुमची जुनी पॉलिसी टिकवण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण त्याच आहेत.

नूतनीकरणाची तारीख तुम्ही कळवलेली नाही. तारीख टळली तर तीस दिवसांची सवलत मिळते आणि जुनी वर्षं वाचतात. पण हप्ता वर्षाचा एकदम भरत असाल तर त्या मधल्या दिवसांत झालेला खर्च कंपनी देत नाही. तक्रार करायची असली तरी आधी पूर्ण हप्ता भरा, सोबत "वाढीला हरकत राखून भरत आहे" एवढी एक ओळ मेल करा, आणि पावती जपून ठेवा.