घरच्या लॅपटॉपसाठी एमएस ऑफिस विकत घ्यावं की फुकटचं लिबरऑफिस पुरेल?
अर्ज, पत्रं आणि घरखर्चाचा हिशेब एवढंच काम असेल तर लिबरऑफिस पुरेल, उगाच पैसे घालवू नका. मी दोन्ही रोज वापरतो. युनिकोड मराठी त्यात नीट टाइप होतं, वर्डच्या फायली उघडतात. लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची प्रणाली असेल तर वर्डचा कॅलिब्री फाँट नसतो, त्याच्या जागी कार्लिटो येतो. अक्षरांची रुंदी तीच, त्यामुळे ओळी सहसा हलत नाहीत. मराठीत विंडोजचा मंगल फाँट नसेल तर मात्र एका पानाचा बायोडेटा दुसऱ्या पानावर सांडू शकतो, म्हणून पाठवताना पीडीएफच करा. पण ऑफिसातून मॅक्रोवाल्या (म्हणजे ठरावीक कामं आपोआप करणाऱ्या आज्ञा असलेल्या) एक्सेल फायली येत असतील तर एमएस ऑफिसच घ्या. एक्सेलचे मॅक्रो व्हीबीए या मायक्रोसॉफ्टच्या भाषेत लिहिलेले असतात, ते लिबरऑफिसमध्ये सगळेच चालत नाहीत, आणि ते कळतं नेमकं महिनाअखेरीला.