सहा पावसाळे उभी असलेली बोट आणि आईची ठेव

देवबागहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वडिलांनी 2014 साली 22 फुटी फायबरची जुनी बोट साडेपाच लाखांना घेतली. डॉल्फिन दाखवायला आणि कर्लीच्या मुखाशी त्सुनामी आयलंडला पर्यटक न्यायला ती चालायची. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, बोट वर ओढली आणि ती सुरूंच्या झाडांखाली उभीच राहिली. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. आत सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे बाहेरच्या बाजूला पंखा फिरवणारा ड्राइव्ह, आणि दोन्ही जाम. मेकॅनिकने तीन आकडे दिले आहेत. नुसतं इंजिन आणि ड्राइव्ह काढायचे 48,000. त्याच प्रकारचं, दुरुस्त केलेलं इंजिन आणि ड्राइव्ह बसवून द्यायचे 6,40,000. ड्राइव्हचं मागचं भोक बुजवून आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लटकवायचं इंजिन, लावायचे 5,20,000, त्यात 3,90,000 आउटबोर्डचे आणि 1,30,000 फायबरच्या कामाचे. वाचक एका रिसॉर्टमध्ये 22,000 पगारावर आहे, शिल्लक 1,10,000. आईच्या नावावर 8 लाखांची मुदत ठेव आहे, 7 टक्क्यांनी. प्रश्न असा: ठेव मोडून बोट उभी करू, की सगळंच भंगारात देऊ?

आधी सरळ सांगतो. इंजिन काढणं आणि बोट पुन्हा चालवणं हे दोन वेगळे निर्णय आहेत. मेकॅनिकने ते एका कागदावर लिहिले म्हणून तुमच्या मनात एक झाले. पहिला निर्णय तुमच्या शिलकीतून होऊ शकतो आणि बहुधा करावा. दुसऱ्यासाठी आईच्या ठेवीला हात लावू नका.

पण 48,000 द्यायच्या आधीही एक काम आहे, जवळजवळ फुकटचं. बोटीची मागची उभी फळी, जिला मेकॅनिक ट्रान्सम म्हणतो, ती बाहेरून फायबरची दिसते, पण अशा बहुतेक बोटींत आत प्लायवूड असतं. ड्राइव्हचा सगळा भार तिच्यावर येतो. गेल्या वर्षी रत्नागिरीजवळ एका अशिलाबरोबर अशीच बोट बघायला गेलो होतो. सोबतच्या सुताराने हातोडीच्या दांड्याने फळीवर वरून खाली ठोकत नेलं. वर खणखणीत आवाज येत होता. ड्राइव्हच्या भोकाच्या खाली एकदम बद्द आवाज आला. तिथे आतल्या बाजूने त्याने 6 मिलिमीटरचं बिट घातलं, तर कोरडा पिवळा भुसा यायच्या जागी काळपट ओला चोथा बिटाला गुंडाळून आला. आंबलेल्या लाकडाचा वास मला चार हातांवर आला. अशिलाने त्या क्षणी सहा लाखांचा विचार सोडला, आणि मला हायसं वाटलं.

तुमच्या फळीतून असा चोथा आला, तर पुढचे सगळे आकडे बदलतात. फळी नवी करायची म्हणजे मागचा भाग कापून प्लायवूड काढायचं आणि पुन्हा फायबर चढवायचं. 2014 सालीच जुनी असलेल्या बोटीवर हा खर्च मी कोणालाच सुचवणार नाही. मग इंजिन उपसून सुटे भाग विका आणि सांगाडा मिळेल त्या किमतीला द्या. फळी कोरडी निघाली, तरच इथून पुढे वाचा.

इंजिन जिवंत करायचा प्रयत्न करावा का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मेकॅनिक सुचवेल. नुसतं उभं राहून जाम झालेलं इंजिन कधीकधी सुटतं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडतात, काही दिवस मुरू देतात आणि पान्ह्याने हळूहळू फिरवतात. तुमचं इंजिन समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं आहे. अशा इंजिनांचे एक्झॉस्टचे लोखंडी एल्बो आतून गंजून फुटतात आणि खारं पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं. प्लग काढल्यावर आत गंजाचा लाल चिखल दिसला, तर त्या ब्लॉकवर एक रुपयाही घालू नका.

आता 48,000 चं बोलू. या रकमेत काय काय येतं ते लिहून घ्या, आणि काम उक्तं ठरवा, रोजावर नको. कारण सांगतो. ड्राइव्हचा दात्यांचा शाफ्ट आत इंजिनच्या कपलरमध्ये शिरलेला असतो. शाफ्टला झाकणारा रबरी भाता फाटून खारं पाणी आत गेलं असेल, तर ते दाते गंजून एकजीव झालेले असतात. बाहेरचे नट सुटतात, पण ड्राइव्ह मागे सरकत नाही. मग लोक पाचरी आणि घण घेतात आणि ॲल्युमिनियमचं घर तडकतं, कधी फळीलाही इजा होते. समजूतदार मेकॅनिक अशा वेळी भाता कापून आतल्या सांध्यावर शाफ्ट कापतो. शाफ्ट जातो, बाकी सगळं शाबूत राहतं. "ड्राइव्ह सरकला नाही तर काय करणार?" हा प्रश्न काम द्यायच्या आधी विचारा. उत्तरात घण आला, तर दुसरा माणूस बघा. हायड्राचं, म्हणजे इंजिन उचलणाऱ्या क्रेनचं भाडं, येण्याजाण्याचा खर्च आणि एका दिवसात काम न झाल्यास दुसऱ्या दिवसाचे पैसे कोणाचे, हेही त्याच कागदावर हवं. बोटीच्या तळातलं तेलमिश्रित पाणी आणि टाकीतलं जुनं पेट्रोल डब्यात काढून घ्यायचं, खाडीत सोडायचं नाही, हेही लिहा. त्याच खाडीवर तुमची आणि शेजाऱ्यांची पोटं आहेत.

बाहेर आलेलं सगळं एकाच भंगारवाल्याला एका वजनात देऊ नका. लोखंडाचा ब्लॉक वेगळा, ॲल्युमिनियमचा ड्राइव्ह वेगळा. पंखा, स्टार्टर, अल्टरनेटर आणि ड्राइव्ह वरखाली करणारा पंप हे चालू असतील तर सुटे विकले जातात, गोव्यात अशा बोटी वापरणारे आहेत. ब्लॉक देण्याआधी इंजिन नंबरच्या पट्टीचा फोटो काढा. नोंदणीच्या कागदात तो नंबर असेल, बदल नोंदवताना लागेल.

इतका खर्च करून हाती काय येतं? जाम इंजिनसकट बोट विकायला गेलात, तर घेणारा ते काढायचा खर्च धरून भाव पाडतो, वर अज्ञात दोषांची भीती म्हणून आणखी पाडतो. इंजिन बाहेर असलं की आतला पाया, फळी, तळ सगळं उघडं दिसतं. आउटबोर्ड लावणाऱ्या कोणालाही ती बोट घेता येते. म्हणून हा खर्च मला पटतो.

आता 6,40,000 चं गणित. एका फेरीचे 1,500 रुपये धरून वर्षाला 150 दिवस, रोज दोन फेऱ्या, असं तुम्ही मांडलं आहे. दिवस जरा जास्त झाले. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि ऑक्टोबरपासूनचे शनिवार-रविवार मोजले, त्यातले वाऱ्याचे दिवस वजा केले, तर मी 100 धरतो. म्हणजे 200 फेऱ्या, 3 लाखांचा गल्ला. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तासाभराच्या फेरीत सावकाश चालवूनही 12 लिटर सहज पितं, आणि पेट्रोल शंभरीच्या पुढे आहे. 1,500 मधले 1,200 टाकीतच गेले. उरलेल्या 300 मध्ये खलाशी, लायसन्स, विमा सगळं बसत नाही. तुमच्या आजूबाजूला फेऱ्या मारणाऱ्या बोटींच्या मागे आउटबोर्ड का लटकतं, त्याचं उत्तर हेच. हा पर्याय कागदावरून काढून टाका.

आउटबोर्डवर पेट्रोलचे 600 आणि खलाशाचे 250 धरले, तर फेरीमागे 650 उरतात. 200 फेऱ्यांचे 1,30,000. त्यातून देखभाल, विमा, सर्व्हे यांचे 30,000 काढा, राहिला 1 लाख. 5,20,000 चं कर्ज 12 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 11,570, वर्षाचे 1,38,800. बोट पावसाळ्यात बंद, हप्ता चालू. ठेव मोडली तर हप्ता नाही, पण आईचं वर्षाचं 36,400 व्याज जातं. ते वजा केल्यावर मुद्दल परत यायला आठ वर्षं, तीही एकही हंगाम वाया न जाता. 2020 नंतर ही अट मी धरू शकत नाही.

आईचं वय 60 च्या पुढे असेल, तर ठेवीची मुदत संपल्यावर ज्येष्ठ नागरिक बचत योजना बघा. सध्या दर 8.2 टक्के आहे, गुंतवल्यावर पाच वर्षं तोच राहतो, आणि 8 लाखांवर दर तीन महिन्यांनी 16,400 खात्यात येतात. तिच्या औषधांचा खर्च तुमच्या पगारावर येणार नाही.

एक तिसरा रस्ता मला दिसतो. कोकणात मासेमारीत उत्पन्नाचे वाटे पडतात, त्यात बोटीचाही वाटा असतो. तुमच्या ओळखीत ज्याच्याकडे चांगलं आउटबोर्ड आहे पण बोट म्हातारी झाली आहे, असा कोणी असेल तर बघा. इंजिन त्याचं, बोट तुमची, फळीतलं भोक बुजवायचे 1,30,000 निम्मे-निम्मे. तुमचा वाटा 65,000. तो 48,000 बरोबरच घालू नका, शिल्लक रिकामी होईल. भंगार आणि सुट्या भागांचे पैसे येऊ द्या, पगारातून थोडे बाजूला पडू द्या, पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ आहे.

बोट अजून वडिलांच्या नावावर असेल, तर विकायची असो वा वाट्यावर द्यायची, आई आणि बहीण दोघीही वारस आहेत. त्यांची लेखी संमती घेऊन नाव बदलून घ्या. इंजिनही बदलणार असेल, तर बंदर कार्यालयात दोन्ही बदल एकाच फेरीत सांगा.

पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बाबांनी स्वतः रंगवलेलं आईचं नाव आहे आणि ते भंगारात गेलेलं तुम्हाला बघवणार नाही. ते मला समजतं. बोट ठेवा अथवा द्या, तेवढा फायबरचा तुकडा कापून घेता येतो, फायबरवाला तासाभरात करेल.

या रविवारी हातोडी आणि ड्रिल घेऊन जा. बिटाला काय लागून आलं त्याचा फोटो पाठवा. तो पाहिल्यावरच हायड्राची तारीख ठरवू.